पापळचे भाऊसाहेब : कर्जाचा कागद आणि आपला कास्तकार

शेतकरी मित्रहो, कार्तिक महिन्यात कौंडण्यपूरच्या यात्रेला तुमच्यापैकी बरेच जण जात असतील. वर्धा नदीत अंघोळ करायची, रुक्मिणीमातेच्या देवळात डोके टेकवायचे, दहीहंडी पाहायची आणि सांजेला घरचा रस्ता धरायचा, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. याच गावातून १५९४ सालापासून पंढरपूरला पालखी जाते. विदर्भाच्या राजाची ही जुनी राजधानी, रुक्मिणीचे माहेर. मान मोठा आहे. पण त्याच घाटावर बसलेल्या दहा कास्तकारांना विचारून पाहा की, यंदा सोसायटीचे किती आणि बाहेरचे किती? सोसायटीचा आकडा ते लगेच सांगतील. बाहेरच्या आकड्यावर मात्र मान खाली जाईल. तो आकडा कोणत्या कागदावर आहे, त्या कागदावर काय लिहिले आहे, हे पुष्कळांना धड सांगता येत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका कास्तकाराच्या मुलाने त्याला हात घातला होता. कौंडण्यपूरहून चांदूर रेल्वे ओलांडून नांदगाव खंडेश्वर तालुक्यात गेलात की पापळ गाव लागते. २७ डिसेंबर १८९८ रोजी या गावात पंजाबराव शामराव देशमुख यांचा जन्म झाला. पुढे सारे वऱ्हाड त्यांना भाऊसाहेब म्हणू लागले. त्यांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठावर ते आहे, अमरावतीच्या मेडिकल कॉलेजवर आहे, सरकारी योजनांच्या कागदावर आहे. पण नाव पाठ असणे वेगळे आणि माणसाने काय केले हे माहीत असणे वेगळे. म्हणून आज त्यांची हकिकत.

दुष्काळातले बाळपण

भाऊसाहेब वर्षाचे होत आले आणि छप्पन्नचा दुष्काळ पडला. इंग्रजी साल १८९९-१९००. वऱ्हाडात पीक बुडाले, ढोरे मेली, माणसे खडी फोडायला सरकारी कामावर गेली. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून या दुष्काळाच्या गोष्टी पुढे कित्येक वर्षे ऐकू येत होत्या.

वऱ्हाड तसे गरीब मुलुख नव्हते, हे ध्यानात घ्या. काळी कसदार जमीन आणि पांढरे सोने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाणे थांबले आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, जिन-प्रेस आले, कापसाच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या. मग कास्तकार गरीब का राहिला? त्याचे एक कारण जमिनीच्या कायद्यात होते. इंग्रजांनी वऱ्हाडात रयतवारी लावली. वावर कास्तकाराच्या नावावर झाले, ते विकायचा आणि गहाण टाकायचा हक्क त्याला मिळाला. हक्क चांगलाच. पण ज्याला गहाण टाकता येते त्याला कर्जही सहज मिळते, आणि सावकाराचे लक्ष व्याजापेक्षा वावरावर जाते. पेरणीला बियाणे न्यायचे ते सवाई-दिढीने परत करायचे. लग्नाला रोकड घ्यायची आणि गहाणखतावर अंगठा द्यायचा. भाव पडला किंवा पाऊस रुसला की गहाणखताचे खरेदीखत व्हायला वेळ लागत नसे.

बाजारातही तोच प्रकार. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली सरकारी नियमाखालची कापसाची बाजारपेठ निघाली आणि १८९७ साली वऱ्हाडच्या बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. देशातला या तऱ्हेचा हा पहिला कायदा. वजन-मापाला शिस्त आली, हे खरे. पण बाजार चालवणाऱ्या कमिटीत वजन व्यापाऱ्यांचे होते. ज्याचा कापूस, त्याचा आवाज नाही!

वावर गहाण, मुलगा विलायतेला

पापळच्या शाळेत थोडे शिक्षण झाले. पुढचे वर्ग गावात नाहीत म्हणून चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल. खेड्यातल्या पोराला शिकायचे तर दर दोन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवायचे, हे भाऊसाहेबांनी स्वतः भोगले. त्यांची पुढची सगळी धडपड समजून घ्यायची तर ही गोष्ट विसरू नका. मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि १९२० साली विलायतेला.

घरचे देशमुख, वतनदार. पण विलायतेचा खर्च वतनदाराच्याही आवाक्यातला नव्हता. वडिलांनी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला, असे सांगतात. तिकडे शिष्यवृत्तीचाही आधार मिळाला. एडिंबरोला एम.ए., ऑक्सफर्डला डॉक्टरेट आणि जोडीला बॅरिस्टरी. डॉक्टरेटचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्डने पुस्तकरूपाने छापला. कुणब्याच्या पोराने वेदांवर ऑक्सफर्डला ग्रंथ लिहावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१९२६ साली ते परत आले. मुंबईत नाही तर नागपुरात बसून वकिली केली असती तर पैशाला तोटा नव्हता. ते अमरावतीला आले. कचेरीत रोज कोण येत असेल, याचा विचार करा. गहाणाचे दावे, जप्तीच्या नोटिसा, डोक्याला मुंडासे बांधून झाडाखाली बसलेले कास्तकार. आपल्याच कागदावर काय लिहिले आहे ते ज्याला वाचता येत नाही, त्याचा वकील कितीही मोठा असो, तो अर्धा दावा आधीच हरलेला असतो.

विहीर, देऊळ आणि वसतिगृह

पहिली दोन-तीन वर्षे भाऊसाहेबांनी जे केले, त्याचा कर्जाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. १९२७ साली त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. खेड्यातून येणाऱ्या सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे, एका पंगतीत जेवायचे. त्याच साली अमरावतीच्या अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ उभी राहिली, तिच्यात भाऊसाहेब पुढे होते. नोव्हेंबर महिन्यात वऱ्हाडच्या अस्पृश्य समाजाची परिषद अमरावतीला भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. अंबादेवीच्या देवळातूनच श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेले, अशी आख्यायिका आपल्याकडे आहे. म्हणजे कौंडण्यपूरच्या लेकीचे ते देऊळ. आणि कौंडण्यपूरच्याच पट्ट्यात राबणाऱ्या मजुराला त्याची पायरी चढता येत नव्हती!

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे लग्न झाले. मुलगी मुंबईची, जात वेगळी. विमलाबाई त्यांचे नाव. घरचे आणि जातीतले लोक काय म्हणाले असतील ते तुम्ही ओळखू शकता. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

१९२८ साली भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या जिल्हा परिषदेची ही जुनी बहीण म्हणा. त्यांनी कौन्सिलच्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. शाळा वाढवायच्या तर पैसा हवा, म्हणून कर वाढवण्याचा कडू निर्णयही घेतला. गावपातळीवर काम करणाऱ्या सरपंच-ग्रामसेवक मंडळींनी हे नीट पाहावे. लोकप्रिय व्हायचे असते तर कर वाढवला नसता. पण वरून पैसा येईल तेव्हा शाळा काढू, असे म्हणत ते बसले नाहीत.

याच काळात शेतकरी संघाची उभारणी झाली. गावोगाव सभा होऊ लागल्या. कास्तकाराची म्हणून एक वेगळी संघटना असू शकते, ही गोष्टच लोकांना नवी होती.

१९३३ चा कर्ज लवाद कायदा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९२९ साली अमेरिकेत मंदी आली आणि तिचा फटका आपल्या वावरात येऊन बसला. कापसाचा भाव दोन-तीन वर्षांत कोसळला. कर्ज मात्र जुन्या भावाच्या हिशेबाने घेतलेले. पूर्वी जेवढा कापूस विकून शंभर रुपये फिटत, तेवढ्याच कापसात आता निम्मेही फिटेनात. व्याज चढतच होते. जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या.

१९३० साली भाऊसाहेब मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार अशी खाती त्यांच्याकडे होती. या मंत्रिपदाच्या काळात कर्ज लवादाचा कायदा झाला, साल १९३३. त्याची कामाची रीत तुम्ही समजून घ्यावी, कारण तिच्यात आजही शिकण्यासारखे आहे.

ठरावीक इलाख्यासाठी लवाद मंडळ नेमायचे. कास्तकाराने मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळाने सर्व सावकारांना नोटीस द्यायची की, तुमचे या माणसाकडे काय येणे आहे ते मुदतीत लिहून द्या आणि कागद दाखवा. जो सावकार मुदतीत हिशेब देणार नाही, त्याचे कर्ज बुडाले असे धरायचे. हिशेब आला की मंडळाने मुद्दल किती, व्याज किती, आजपर्यंत भरले किती हे तपासायचे. मग दोघांना समोरासमोर बसवून, कास्तकाराची ऐपत पाहून रक्कम कमी करायची, हप्ते बांधायचे, करार लिहायचा आणि नोंदवायचा. अशा कराराला कोर्टाच्या हुकुमाची ताकद. वाजवी तडजोड नाकारणाऱ्या सावकाराविरुद्ध मंडळ दाखला देई, आणि मग कोर्टात गेल्यावर त्याला मनमानी व्याज व खर्च मिळत नसे.

पाहा, किती साधी युक्ती! सावकाराचा खरा जोर त्याच्या वहीत असतो. ती वही चार माणसांत उघडायला लावली की अर्धा जोर जातो.

या कायद्याने सगळे दुःख मिटले का? नाही. मुळात तो तडजोडीचा कायदा, सावकाराचे मन वळले तरच पुरा उपयोग. म्हणून पुढे १९३९ साली जास्त कडक कायदा करावा लागला, मंडळांच्या जागी कर्ज निवारण कोर्टे आली. शिवाय लवादाकडे जायला अर्ज लागत होता, तारखेला हजर राहावे लागत होते, भरलेल्या पैशाची पावती लागत होती. ज्याच्याकडे पावती नाही आणि ज्याला सावकाराच्या पुढे उभे राहायचीच भीती, तो घरीच राहिला. भूमिहीन मजुराला तर गहाण टाकायला वावरच नव्हते, त्याचे कर्ज कोणत्या मंडळापुढे जाणार? कायदा चांगला असून भागत नाही, तो वापरणारा माणूस तयार असावा लागतो. हे भाऊसाहेबांनी ओळखले होते, म्हणून कायद्याच्या जोडीला त्यांनी शाळा धरली.

शिवाजी संस्थेचा पसारा

१९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. मंत्रिपद १९३३ साली सुटले, संस्था मात्र वाढत राहिली. हायस्कुले, कॉलेजे, वसतिगृहे, शेतकी कॉलेज. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत पहिला मॅट्रिक, पहिला पदवीधर, पहिला मास्तर याच संस्थेतून निघाला. तुमच्या घरातला आजा किंवा काका तिथे शिकला असेल तर विचारून पाहा, खानावळीचे पैसे कसे भरत होते. बरेच जण ज्वारी आणि डाळ घरून नेत होते, असे सांगतील.

संस्थेचा फायदा सगळ्यांना सारखा झाला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. ज्याच्याकडे दहा-वीस एकर होते त्याचा मुलगा आधी शिकला, मजुराचा नंतर. पण दार उघडे नसते तर नंतरही शिकला नसता.

दिल्लीत शेतकऱ्याचा माणूस

पुढे ते घटना समितीत गेले. मागासवर्गीयांना आणि खेड्यातल्या माणसांना राज्यकारभारात वाटा मिळावा, हा आग्रह त्यांनी तिथे धरून ठेवला. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षे ते केंद्रात शेतीचे मंत्री होते.

१९५३ पासून भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार देशभर झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा. गादीवाफ्यावर रोपे, कमी बियाणे, ओळीत लावणी, खत आणि वेळेवर निंदण. भंडाऱ्या-चांद्याकडच्या धानवाल्यांना ही पद्धत उपयोगाची होती. आपल्या कोरडवाहू पऱ्हाटीला तिचा फार उपयोग नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

कर्जाच्या बाबतीत १९५१-५२ साली देशभर ग्रामीण पतपाहणी झाली. तिच्यात दिसले की, खेड्यातल्या कर्जापैकी जेमतेम ३ टक्के सहकारी सोसायट्यांचे आणि सुमारे ७० टक्के सावकारांचे. म्हणजे १९३३ नंतर वीस वर्षे गेली तरी वही सावकाराच्याच हातात. या पाहणीच्या अहवालावरून सोसायट्यांना सरकारी भांडवल देण्याचे धोरण आले आणि १९५६ साली गोदामांचा कायदा झाला. भाऊसाहेब मंत्री असलेल्या अन्न व कृषी खात्याचे हे काम. पुढच्या वर्षी केंद्रीय वखार महामंडळ सुरू झाले. भाव पडलेला असताना माल विकू नये, गोदामात ठेवावा, पावतीवर उचल घ्यावी आणि भाव आल्यावर विकावा, हा त्यामागचा विचार.

१९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. सर्व प्रांतांच्या शेतकऱ्यांची एक बिगरसरकारी संघटना असावी, हा हेतू. या संघटनेने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्यासाठी आले. अनेक देशांची दालने होती. धोतर नेसलेले, पागोटे घातलेले शेतकरी देशाच्या कानाकोपऱ्यातून दिल्लीला गेले आणि परदेशची अवजारे हाताने चाचपून पाहू लागले. ज्या दिल्लीत शेतकरी तोवर अर्ज घेऊन जात होता, त्या दिल्लीत तो पाहुणा म्हणून गेला.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे विदर्भाच्या कृषी विद्यापीठासाठी अकोल्यात मोठे आंदोलन झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांच्या नावाने विद्यापीठ उभे राहिले.

मग आज काय?

मित्रहो, एवढे सगळे होऊन आपल्या वऱ्हाडाची ओळख काय झाली, हे सांगायला नको. १९९० नंतरच्या वर्षांत कास्तकारांच्या आत्महत्यांनी हा भाग पेपरात गाजला. २००६ साली पंतप्रधान इथे येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले. २००८ साली देशभर कर्जमाफी झाली, राज्यानेही पुढे माफ्या दिल्या. पण या माफ्या मुख्यतः बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाच्या. परवाना असलेल्या सावकारांच्या कर्जासाठी राज्याने २०१५ साली निर्णय घेतला, तरी बिनपरवाना सावकाराची वही बंदच राहिली. भाऊसाहेबांच्या काळातला कायदा नेमका त्या वहीला हात घालत होता.

आज त्या वहीला हात घालणारा कायदा नाही असे नाही. सावकारी नियमनाचा २०१४ चा राज्याचा कायदा आहे. बिनपरवाना सावकाराने कर्जापायी जमीन लिहून घेतली असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, चौकशी होते आणि ठरावीक मुदतीतल्या व्यवहाराची जमीन परत देण्याचा हुकूमही होऊ शकतो. म्हणून घरच्या अडचणीला कर्ज घ्यावेच लागले तर खरेदीखतावर सही करू नका. तोंडी शब्द काहीही असो, खरेदीखत म्हणजे विक्री. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा, पेटीत ठेवा. अर्जासोबत तीच उपयोगी पडते.

भाऊसाहेबांच्या नावाच्या योजनाही कामाच्या आहेत. पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला त्यांच्या नावाची व्याज सवलत मिळते. केंद्राची सवलत धरून २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज शून्यावर आणण्याचा निर्णय राज्याने घेतला. शहरात शिकणाऱ्या अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी त्यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. बाजार समितीत सोयाबीन, तूर, हरभरा ठेवून तारण कर्ज घेण्याची योजना १९९०-९१ पासून आहे. तिच्यात गोदामाच्या पावतीचाच जुना विचार आहे.

आणि पटवारी, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव या मंडळींना एक विनंती. कास्तकार तुमच्या टेबलापुढे येतो तेव्हा त्याला कागदाची भीती वाटत असते. कागद त्याच्या हातात देण्याआधी एकदा वाचून दाखवा. दोन मिनिटे लागतात. ऑक्सफर्डहून आलेला बॅरिस्टर अमरावतीच्या कचेरीत ज्यासाठी बसला, ते काम एवढेच होते.

येत्या कार्तिकात कौंडण्यपूरला जाल तेव्हा नदीकाठी बसल्यावर आपल्या पोराला किंवा पोरीला घरच्या कर्जाचे कागद कुठे ठेवले आहेत ते सांगा. घरी आलात की काढा आणि दोघे मिळून वाचा.